सहा मोळ लांब, चार मोळ रुंद

मागच्या अंगणात मी एक शेड बांधली. ती चुकली. कशी चुकली ते लिहून ठेवतो, कारण सांगायला गेलो की मुलगा म्हणतो, ‘‘अप्पा, सोडा आता.’’ कागद तरी तसं म्हणत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलोय, तेही कानडी शाळेत. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा मास्तरांनी भिंतीवरचा जुना नकाशा काढून नवा टांगला. आमचं म्हैसूर राज्य एकाएकी वरच्या बाजूला फुगलेलं दिसलं. वडील म्हणाले, बरं झालं, आपली भाषा बोलणारे पुष्कळ लोक आता आपल्या राज्यात आले. आले ते नकाशात. आमच्या गल्लीत होती तेवढीच घरं राहिली, सगळी शिंप्यांची, आजोबा-पणजोबांपासून इथलीच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी बोलणारी. पुढच्या वर्षी वडिलांनी मला शाळेतून काढलं आणि काजं करायला बसवलं. मराठी लिहायला शिकलो ते विठ्ठलाच्या देवळात, भजनाची वही उतरवून घेताना. तेव्हा माझ्या लिहिण्यात जे येईल ते येईल.

बायकोही अशाच घरातली. ती मराठी लिहायची, पण कानडी अक्षरांत. वाण्याची यादी, मुलाला निरोप, सगळं तसंच. शेडचा कागदही तिने तसाच लिहिला होता.

तिला कुंड्यांचा नाद होता. शेवंती, अबोली, जास्वंद, लिली, आणि नावं मला ठाऊक नसलेलं बरंच काही. मातीच्या कुंड्या निम्म्या, बाकी तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, मुलाचा लहानपणीचा टब. कुंडी भरायची तिची पद्धत ठरलेली. खाली भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर नारळाचा काथ्या, मग दोन वाटे तांबडी माती, एक वाटा मेंढीचं लेंडीखत, एक वाटा वाळू. माती पिठाच्या जुन्या चाळणीने चाळायची. हे सगळं धुण्याच्या दगडाशेजारी, पाटावर बसून, डोक्यावर ऊन घेऊन. पोती जिन्याखाली. पावसात ती भिजायची, मुंग्या व्हायच्या, आणि घरात शिरल्याबरोबर लेंडीखताचा वास. पुढे तिचे गुडघे गेले. खाली बसलं की उठायला नळाचा पाईप धरावा लागे. तेव्हापासून ती म्हणायला लागली की दगडाच्या बाजूला चार खांब रोवून वर कौलं घाला, आत पोती ठेवायला जागा करा आणि उभ्याने काम करता येईल असं एक टेबल द्या. एवढंच. फार काही मागत नव्हती.

एकच झाड कुंडीत नव्हतं. मल्लिगेचं, म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं. लग्न होऊन आली त्या वर्षी माहेरून फांदी आणून अंगणाच्या कोपऱ्यात खोचलेली. त्याचं झुडूप तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. उन्हाळ्यात रोज सुपभर कळ्या. दुकानातून दोऱ्याची उरलेली रिळं मी घरी आणायचो, त्या दोऱ्यात ती माळा गुंफायची. एक स्वतःच्या केसांत, एक विठ्ठलाच्या फोटोला, उरलेल्या कोपऱ्यावरच्या फूलवालीला. ही फूलवाली बन्नूरच्या बसने येते. अजून येते.

आमच्याकडे गुंफलेली फुलं तोलून विकत नाहीत, मोळाने विकतात. मोळ म्हणजे हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बाई कोपर वाकवून माळ हातावर धरते आणि मोजते. घरातल्या बायकांनाही तीच सवय. माझी बायको पडद्याचं कापड, दोरी, गादीची लांबी, सगळं मोळात सांगायची. मी शिंपी, गळ्यात टेप घालून जेवायला बसणारा माणूस, मी चिडायचो. तरी मी ते इंचांत करून घ्यायचो. आमच्या धंद्यात हात म्हणजे अठरा इंच. दोन हात म्हणजे एक वार. वडिलांनी मला अंकांच्या आधी हे शिकवलं.

शेडसाठी तिने बरीच वर्षं तोंडाने सांगून पाहिलं. मग एके दिवशी दुकानात आली. दसऱ्याच्या आधीचे दिवस, दुकानात बायकांची गर्दी. ती आत आली नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिली आणि टेबलावर एक कागद ठेवला.

‘‘माप द्यायचंय. वहीत घेऊन ठेवा.’’

‘‘कशाचं माप?’’

‘‘शेडचं.’’

बसलेल्या बायका हसायला लागल्या. मीही दुकानातल्या तोंडाने बोललो, ‘‘डिलिव्हरी सोमवारी.’’

‘‘कुठल्या सोमवारी, री?’’ इथल्या बायका नवऱ्याला म्हणतात तसं ती मला री म्हणायची.

‘‘येत्या.’’

‘‘तुमचा येता सोमवार मला माहीत आहे. ह्यांनाही माहीत आहे, विचारा हवं तर.’’

सगळं दुकान हसलं. मी कागद मशीनच्या खणात टाकला. ती पिशवी उचलून गेली.

शिंप्याची तारीख अशीच असते. कापड एकदा आपल्या हातात आलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, मग नाळे या, सोमवारी या, म्हणत राहायचं. नाळे म्हणजे उद्या. लोक रागावतात, पण येतात. बायकोचंही मी तेच केलं. ती कुठे जाणार होती? काही दिवस ती दर सोमवारी सकाळी चहा देताना विचारायची, ‘‘आज ना?’’ मी हसायचो. मग कधीतरी विचारणं बंद झालं. ते कधी बंद झालं ते मला आठवत नाही. हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय.

पुढे रस्ता रुंद झाला आणि दुकान पडलं. छपराची मंगळुरी कौलं, कटिंगचं टेबल आणि मशीन मी घरी आणलं. कौलं मागच्या भिंतीला लावून ठेवली. ती म्हणाली, ‘‘आता कौलं पण आली.’’ मी म्हणालो, पावसाळा जाऊ दे.

ती ज्येष्ठात गेली. त्या दिवशी सकाळी कळ्या काढल्या, माळ केली, फोटोला घातली. जेवायला पानं घेताना म्हणाली छातीत दुखतंय. संध्याकाळी ती नव्हती. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ नाही.

सुतकात देवाला हात लावत नाहीत, म्हणून तेरा दिवस ती माळ विठ्ठलावर तशीच राहिली. चौदाव्या दिवशी सून ती काढायला गेली तेव्हा मी ओरडलो. सून माझ्याशी कधी वर बोललेली नाही. ती नुसतं ‘‘सरी, मावा’’, म्हणजे बरं मामंजी, म्हणाली आणि निघून गेली. माळ राहिली. मल्लिगे वाळून आधी पिवळी झाली, मग चहाच्या रंगाची.

त्या दसऱ्याला आमच्या घरी सण नव्हता. पण आयुधपूजेच्या दिवशी मशीन न पुसता बसणं मला जमेना. पूजा नाही तर नाही, तेल तरी घालावं म्हणून खण उपसला. बॉबिनी, मोडक्या सुया, खडू, आणि तळाशी तो कागद. घडी तेलाने पिवळी झालेली.

एक चौकोन काढलेला. बाजूला कानडी अक्षरांत मराठी. लांब सहा मोळ. रुंद चार मोळ. टेबल उंच दोन मोळ. पोती डाव्या हाताला. धुण्याच्या दगडामागच्या भिंतीपासून सुरुवात. खाली बारीक अक्षरांत, गिऱ्हाइकाने कापडाच्या चिठ्ठीवर लिहावं तसं, ‘‘जास्त सैल नको.’’

मी त्या दिवशी ठरवलं की ही शेड बांधायची, आणि ती वर्षश्राद्धाच्या आत उभी राहिली पाहिजे. आणि एक ठरवलं, कागदावर आहे तशीच. तिने सांगितलेलं मी तिच्या आयुष्यात एकदाही जसंच्या तसं केलं नव्हतं. घराचा रंग माझा, मुलाची शाळा माझी, दुकान कुठे ते माझं. हे एक तरी तिच्या मापाने व्हावं.

सहा मोळ म्हणजे नऊ फूट. चार मोळ म्हणजे सहा फूट. टेबल दोन मोळ, म्हणजे छत्तीस इंच. हे छत्तीस आल्यावर मी उठून टेबलाकडे गेलो, कारण माझं कटिंगचं टेबल बरोबर छत्तीस इंच उंच आहे. वडिलांनी माझ्यासाठी करून घेतलेलं, उभ्याने कापड बेतायला. मला वाटलं तिने कागद लिहिताना त्याच टेबलाचा विचार केला होता. दुकान एक दिवस बंद होईल आणि टेबल तिच्याकडे येईल, असं काहीतरी तिच्या मनात असणार. मी ते टेबल पुसलं आणि त्याच्याजवळ बराच वेळ बसलो. तिने माझी आठवण ठेवून माप दिलं म्हणून मला बरं वाटलं, हेही लिहितो. लाज वाटते, पण लिहितो.

काम सुरू व्हायला माघ उजाडला. सुरूच्या लाकडाचे खांब आणायचे, सुतार मिळवायचा, आणि माझ्या अंगात आता पूर्वीची धाव नाही. सुतार माझ्याच वयाचा, कानडी, मला यजमानरे, म्हणजे मालक, म्हणणारा. दोघांनी मिळून टेपने आखणी केली. दगडाच्या भिंतीपासून नऊ फूट मोजलं आणि शेवटच्या खांबाची खूण नेमकी मल्लिगेच्या बुंध्यावर आली.

सुतार खाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, दोन फूट अलीकडे घेऊ. मुलगा ऑफिसला निघाला होता, तोही येऊन बघून म्हणाला, ‘‘अप्पा, दोन फुटांनी काय होतंय? आईचं झाड आहे ते.’’

‘‘आणि हे आईचं माप आहे.’’

‘‘तिने काय टेप घेऊन लिहिलं होतं?’’

मी म्हणालो, ‘‘पन्नास वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या मापात स्वतःचं डोकं घातलेलं नाही. तू ऑफिसला जा.’’

तो गेला. त्याने जे विचारलं होतं ते मी ऐकलंच नाही.

रोपांचं कळतं अशा माणसाला विचारावं म्हणून मी येलवालच्या पुढे एक रोपवाटिका आहे तिथे बसने जाऊन आलो. तो माणूस म्हणाला, झाड म्हातारं आहे, कळ्या धरायचे दिवस आहेत, आता उचलू नका. पाऊस पडल्यावर उचला, फांद्या कमी करा, मुळांभोवती माती राहू द्या. चांगला सल्ला होता. पण पाऊस म्हणजे ज्येष्ठ, आणि ज्येष्ठात तर वर्ष पुरं होत होतं. इतकी वर्षं मी जी घाई केली नाही ती सगळी त्या महिन्यात अंगावर आली. मला आठवलं की ती स्वतःच एकदा म्हणाली होती, हे झाड आता दमलं, काढून नवीन लावायला हवं. एकदा म्हणाली होती. त्यावर मी सगळं बसवलं. न बसणारं माप बसवायचं म्हणजे कापड ओढतात, तसं.

आम्ही झाड उचललं. सुताराने आणि त्याच्या जावयाने खणलं, मी पोत्यात मुळं बांधली, आणि न्हाणीच्या पाण्यावर जगेल म्हणून पलीकडच्या कुंपणाशी लावलं. रोज पाणी घातलं. सावलीला जुनी चादर बांधली. सून सकाळी चादर नीट करायची, मी सांगितलं नव्हतं तरी.

शेड चांगली झाली, हेही खरं आहे. दुकानाची कौलं वर चढली. डाव्या हाताला पोत्यांसाठी फळ्या. कटिंगचं टेबल आत गेलं तेव्हा ते जागेवर असं बसलं की सुतार म्हणाला, मोजून केल्यासारखं. मी टेबलावर तिची चाळणी, खुरपं आणि खापऱ्यांचा डबा मांडला. मुलगा संध्याकाळी आला, आत उभा राहून त्याने छताकडे पाहिलं. छान झालीय म्हणाला. झाडाचं काही बोलला नाही.

झाडाची पानं आधी खाली वळली. मग कडा करपल्या. मी चादर काढून झावळ्या बांधल्या, झावळ्या काढून परत चादर. चैत्रात मी नखाने खोड खरवडून पाहिलं, आत हिरवं नव्हतं. आणखी खाली खरवडलं, तिथेही नव्हतं. तरी मी पाणी घालत राहिलो, आणि झाड गेलंय असं घरात कोणी मला सांगितलं नाही.

शेडमध्ये मी रोज जात होतो. टेबलाशी उभं राहायला मला काही त्रास नव्हता, हात बरोबर पोचायचे. एकदा सून शेवंतीची कुंडी बदलायला आली. ती माझ्या बायकोपेक्षा उंच आहे. तरी तिला चाळताना कोपर वर उचलून काम करावं लागलं, आणि थोड्या वेळाने तिने कुंडी उचलून खाली जमिनीवर घेतली. मी ते पाहिलं. पाहून मला काहीही वाटलं नाही. पन्नास वर्षं लोकांच्या खांद्यांकडे आणि कोपरांकडे बघून मी पोट भरलं होतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी फुलं आणायला कोपऱ्यावर गेलो. फूलवालीने मला पाहून टोपली पुढे केली. म्हणाली, यंदा तुमच्याकडची फुलं आली नाहीत, यजमानरे. झाड वाळलं, मी म्हटलं. का वाळलं ते विचारेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं. तिने विचारलं नाही. मला चार मोळ हवी होती. ती कोपर वाकवून मोजायला लागली, आणि मोजता मोजता हसली.

‘‘अक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, पाच आहे.’’

मला कळलं नाही.

‘‘अहो, त्या माळा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या दहा मोळ आहे. मी माझ्या हातावर धरायचे, तर नऊसुद्धा भरायची नाही. मी म्हणायचे, अक्का, तुमचा मोळ म्हणजे शाळेतल्या पोरीचा मोळ. तर म्हणायच्या, देवाने मला एवढाच हात दिलाय, तुझा कुठून आणू?’’

ती पुढेही काही बोलत होती. मी फुलं घेतली आणि घरी आलो. वाटेत दोनदा थांबलो.

माझ्या दुकानात कोणी घरून माप लिहून आणलं की मी पहिला प्रश्न विचारायचो, टेप कोणाची? कापडी टेप जुनी झाली की लांबते. त्या टेपचे छत्तीस माझे साडेछत्तीस असतात. हे न विचारता कापड कापणारा शिंपी फसतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे शिकवलं. आणि बायकोच्या कागदावर सहा मोळ वाचून मी हात कोणाचा ते विचारलं नाही. ज्या गावात बायका फुलं घेण्याआधी फूलवालीच्या हाताकडे बघतात, त्या गावात जन्म गेला माझा.

आणि तिचं माप मला माहीत नव्हतं. तिचे ब्लाउज मी कधी टेप लावून बेतलेच नाहीत. जुना ब्लाउज कापडावर पसरायचा, खडू फिरवायचा. घरचं माणूस आहे, माप काय घ्यायचं.

घरात उद्याची तयारी चालली होती. सून डाळ निवडत होती, मुलगा नुकताच आला होता. मी स्टूल घेतलं आणि विठ्ठलाच्या फोटोवरची माळ काढली. मुलगा धरायला धावला, मी पडतो की काय म्हणून. फुलांचा चुरा झाला, माझ्या हातात आणि शर्टावर. दोरा राहिला. माझ्याच दुकानातला, चाळीस नंबरचा पांढरा. फोटोला ती नेहमी एकच मोळ घालायची, दोन टोकांना दोन गाठी. मी दोरा जमिनीवर ताणून धरला आणि मुलाला टेप धरायला सांगितलं. फुलं वाळतात, दोरा आखडत नाही, आखडला तरी पाव इंच.

‘‘किती?’’ मी विचारलं. मला चष्म्यातून दिसत नव्हतं.

‘‘साडेपंधरा.’’

सहा वेळा साडेपंधरा म्हणजे त्र्याण्णव इंच. आठ फूटसुद्धा नाही. तिच्या मापाने शेड बांधली असती तर शेवटचा खांब झाडाच्या सव्वा फूट अलीकडे राहिला असता. तिने झाड धरूनच मोजलं होतं. भिंतीपासून झाडापर्यंत हात टाकत गेली असणार, आणि झाडाला वारा लागावा म्हणून सव्वा फूट सोडलं असणार. आणि टेबल एकतीस इंच. माझं टेबल तिच्या मनात कधी नव्हतंच. स्वतःची कोपरं होती.

मुलाने टेप गुंडाळली. दोन फूट अलीकडे घ्या असं तो तेव्हा म्हणाला होता, त्याची आठवण त्याने मला करून दिली नाही. दिली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात काहीतरी निभावलं असतं. सुनेने केरसुणी आणली, मग काय वाटलं कोण जाणे, केरसुणी ठेवून तिने तो चुरा हाताने गोळा केला आणि एका कुंडीत टाकला.

श्राद्ध झालं. चार दिवसांनी मी सुताराला बोलावलं आणि म्हणालो, शेड आत घ्यायची.

तो म्हणाला, ‘‘यजमानरे, ब्लाउज आहे का हा, आत घ्यायला?’’

‘‘तसंच समज.’’

‘‘झाड तर मेलं. आता कोणासाठी?’’

मी त्याला तिचा दोरा दाखवला आणि सगळं सांगितलं. तो हातातला अडकित्ता खाली ठेवून ऐकत होता. मग त्याने टेप खिशात घातली, आणि आम्ही दोघांनी भिंतीपासून दोरा सहा वेळा टाकून आखणी केली. मग चार वेळा रुंदीची. खांब उपटले, वासे कापले, कौलांच्या दोन ओळी कमी झाल्या. पाऊस सुरू झाला होता, तीन दिवसांचं काम नऊ दिवस चाललं. मुलाने एक दिवस सुट्टी घेतली आणि कौलं खाली दिली. जुन्या खांबाचा खड्डा, म्हणजे झाडाची मूळ जागा, आता शेडच्या बाहेर आला. सून म्हणते बुजवा, कोणाचा पाय जाईल. बुजवला नाही.

टेबल मी स्वतः कापलं. सुतार म्हणाला, जुनं सागवान आहे, वडिलांनी केलेलं, दुसरं लहान करून देतो. मी नको म्हणालो. उलटं करून चारही पायांना खडूने पाच इंचांची खूण केली आणि करवत चालवली. एक पाय कापायला मला सकाळ लागली. चौथा पाय थोडा जास्त गेला, तिथे मी कापडाची घडी घातली आहे, म्हणजे हलत नाही.

आता त्या टेबलाशी मला वाकून उभं राहावं लागतं आणि थोड्या वेळात कंबर धरते. सुनेने परवा त्यावर अबोलीच्या तीन कुंड्या भरल्या आणि एकही खाली घेतली नाही.

फूलवालीला मी सगळं सांगितलं. का वाळलं तेही. ती म्हणाली, अक्कांनी मला एक फांदी दिली होती, ती माझ्या दारात चांगली वाढलीय, पाऊस आहे तोवर तुम्हाला एक तोडून आणते. कधी, ते ती स्वतःच म्हणाली, ‘‘नाळे.’’ याला आता बरेच दिवस झाले. मी कुंडी भरून ठेवली आहे, खाली खापरी, वर काथ्या, माती चाळून. रोज फुलं घ्यायला कोपऱ्यावर जातो. तिला आठवण करत नाही. मला तो हक्क नाही.